नसण्याचे प्रकार

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानातच मागे टेबल मांडून बसलेल्या संगणक दुरुस्तीवाल्याकडे येणारे गिऱ्हाईक बहुधा एकच वाक्य बोलते : ‘हार्ड डिस्क उडाली.’ कुणी ‘डेटा उडाला’ म्हणते, कुणी नुसतेच ‘सगळं गेलं’. मराठीत उडणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. कपड्याचा रंग उडतो, तो परत येत नाही. झोप उडते, ती घटकाभराने पुन्हा लागते. फ्यूज उडतो, तार बदलली की दिवा लागतो. पाखरू उडते, तेव्हा ते या फांदीवर नसते, पण पलीकडच्या झाडावर असते. गिऱ्हाइकाचा डेटा यांतल्या कोणत्या अर्थाने उडाला हे त्या वाक्यातून कळत नाही, आणि पुढचे सारे काम तर त्यावरच अवलंबून असते.

‘नाही’ म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर भारतीय तत्त्वज्ञांनी शतकानुशतके डोके शिणवले आहे. वैशेषिकांच्या जुन्या सूत्रांत जगातल्या पदार्थांची गणती सहा आहे : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. सातवा पदार्थ नंतरच्या आचार्यांनी घातला. तो म्हणजे अभाव. नसणे हीसुद्धा जगातली एक वस्तुस्थिती आहे, ती मनाची कल्पना नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जमिनीवर घट नाही, हे त्यांचे ठरलेले उदाहरण. नुसती जमीन दिसणे वेगळे आणि घट नसलेली जमीन दिसणे वेगळे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांनी हा सारा विचार ‘तर्कसंग्रह’ या चिमुकल्या ग्रंथात आटोपशीर मांडला. न्यायदर्शन शिकणारा विद्यार्थी आजही बहुधा तिथूनच सुरुवात करतो. या ग्रंथाची आठल्ये आणि बोडस यांनी केलेली आवृत्ती १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत निघाली आणि महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी ती अभ्यासली.

त्या ग्रंथात संगणक नाही हे उघडच आहे. पण वारंवार डेटा गमावणारी हार्ड डिस्क समोर ठेवून अभावाचे प्रकरण वाचले, तर ते आजच्या कारागिरासाठीच लिहिले असावे इतके चपखल बसते.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणतात, अभाव कधीच मोघम नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जिथे अभाव ते अधिकरण. ही दोन सांगितल्याशिवाय ‘नाही’ या शब्दाला अर्थच येत नाही. जाणता कारागीरही ‘सगळं गेलं’ हे वाक्य कधी जसेच्या तसे स्वीकारत नाही. काय गेले? एक फाइल, एक फोल्डर, की अख्खे ड्राइव्ह दिसेनासे झाले? फाइलचे नाव दिसते पण उघडत नाही, की नावच नाही? उघडते, पण आत भलतेच काही आहे? कालपर्यंत होते, की कॉपी केल्यानंतर एकदाही उघडून पाहिलेले नाही? गिऱ्हाईक या प्रश्नांनी वैतागते. त्याला वाटते, हा माणूस वेळ काढतो आहे. खरे तर तो प्रतियोगी आणि अधिकरण निश्चित करत असतो.

त्यानंतरची पायरी अधिक अवघड आहे. एखादी गोष्ट दिसली नाही एवढ्यावरून ती नाही, असे म्हणता येते का? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानतात. नैयायिक तसे मानत नाहीत. अभाव प्रत्यक्षच कळतो असे त्यांचे मत. एका अटीवर मात्र दोघांचे जमते. न आढळणे ‘योग्य’ असले पाहिजे. वस्तू तिथे असती तर ती नक्की आढळली असती, अशी परिस्थिती असेल तरच न आढळण्यावरून ती नाही असे ठरते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून खोलीत घट नाही हे सिद्ध होत नाही. पिशाच दिसत नाही, यावरूनही काही ठरत नाही, कारण पिशाच असलेच तरी ते डोळ्यांना दिसण्याजोगे मानलेले नाही.

या एका अटीने किती संसार वाचले असते! काही वर्षांपूर्वी सायबर कॅफेत आणि झेरॉक्सच्या दुकानांत पेन ड्राइव्ह लावला की एक व्हायरस हमखास चिकटत असे. तो खऱ्या फोल्डरांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशा खुणा करून लपवी आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवी. शॉर्टकट उघडेना की लोक घाबरून ड्राइव्ह फॉरमॅट करत. विद्यार्थ्यांचे प्रकल्प, संस्थांचे हिशेब असे गेले. वास्तविक त्या क्षणी काहीही गेलेले नव्हते. ड्राइव्हवरची भरलेली जागा मोजली असती तर ती पूर्वीइतकीच दिसली असती. ‘अॅट्रिब’ या छोट्याशा आज्ञेने त्या खुणा पुसल्या की सारे फोल्डर जिथल्या तिथे उभे राहत. दिसत नाही ते नाही, ही घाई नडली. खोली अंधारी होती एवढेच.

डेटा एकदा गेला तर तो अपघात म्हणता येतो. पुन्हा पुन्हा जात असेल तर तिथे कारण शोधावे लागते, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. डेटा डिस्कवर होता, म्हणून दोष डिस्कचा, असे मानून नवी डिस्क घेतली जाते. महिनाभराने नव्या डिस्कवरही फायली खराब होऊ लागतात. मग नशिबाला बोल लावला जातो.

कारण म्हणजे काय याची न्यायशास्त्रातली व्याख्या कडक आहे. कार्याच्या आधी नेहमी असणे पुरेसे नाही. ते अन्यथासिद्ध नसावे, म्हणजे त्याच्यावाचूनही कार्य घडण्यासारखे नसावे. याचे प्रसिद्ध उदाहरण कुंभाराच्या गाढवाचे. माती गाढवाच्या पाठीवरून आली, घट घडला तेव्हा गाढव दाराशी उभे होते, तरी गाढव घटाचे कारण नाही. माती डोक्यावरून आणली असती तरी घट झालाच असता. दुरुस्तीच्या टेबलावर अशी गाढवे रोज येतात. ‘विंडोज अपडेट झालं आणि फोटो गेले.’ ‘मुलानं गेम टाकला तेव्हापासून असं होतंय.’ कधी ते खरे कारण असते, पुष्कळदा ते दाराशी उभे असलेले गाढव असते.

ते ओळखण्याची रीतही त्याच शास्त्रातली आहे : अन्वय आणि व्यतिरेक. हे असताना ते होते का, आणि हे नसताना ते होत नाही का, हे एकेक करून पाहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी लालसर साटा केबल बदलून पाहायची. आधुनिक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. तिच्यातला १९९ क्रमांकाचा रकाना केबलवरून येता-जाता बिघडलेल्या संदेशांची मोजणी ठेवतो. तो आकडा वाढत असेल तर चकत्या ठणठणीत असून चाळीस-पन्नास रुपयांची केबल सैल आहे, असे पुष्कळदा निघते. मग पॉवर सप्लाय पाहायचा. भार वाढला की त्याचा दाब घसरतो आणि डिस्क लिहिता लिहिता मध्येच क्षणभर बंद पडते. बाहेरून लावायच्या डिस्कचे यूएसबी टोक पाहायचे. लॅपटॉप मांडीवर हलला की तिचा संबंध तुटतो. आणि सरतेशेवटी रॅम.

रॅमचा दोष फार घातक, कारण तो डिस्कला खोटी साक्षीदार बनवतो. फाइल डिस्कवर जाण्याआधी रॅममधून जाते. तिथे एखादा बिट उलटला तर डिस्क ती चुकीची फाइल अगदी इमानेइतबारे जपून ठेवते. डिस्कची स्वतःची तपासणी तिला निर्दोष ठरवते आणि त्यात तिची काही चूक नसते. अन्नंभट्टांनी स्मृतीचे दोन भेद सांगितले आहेत : मूळ अनुभव खरा असेल तर स्मृती यथार्थ, मूळ अनुभवच भ्रम असेल तर अयथार्थ. दोरीला साप समजलेल्या माणसाला साप लख्ख आठवतो. त्याच्या स्मरणशक्तीवर औषधोपचार करून काय उपयोग? न्यायाने स्मृतीला प्रमा, म्हणजे स्वतंत्र यथार्थ ज्ञान, मानण्याचे नाकारले. ती पूर्वीच्या अनुभवावर विसंबून असते, हे त्याचे एक मोठे कारण. रॅमची रात्रभर चाचणी लावून बसणाऱ्या तंत्रज्ञाला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

अभावाचे चार प्रकार मानले आहेत, आणि उडालेल्या डेटाचेही तितकेच.

पहिला प्रागभाव. घट घडण्याआधी त्याचा जो अभाव असतो तो. त्याला आरंभ नाही, शेवट मात्र आहे. घट झाला की तो संपतो. फाइल कॉपी झाल्याचे पडद्यावर दिसते तेव्हा ती डिस्कवर उतरलेली असतेच असे नाही. वेग वाढावा म्हणून संगणक काही भाग मधल्या साठ्यात राखून ठेवतो आणि सवडीने लिहितो. तेवढ्यात कुणी पेन ड्राइव्ह उपसून काढला तर त्या फायली ‘गेल्या’ असे म्हणतात. त्या गेल्या नाहीत, त्या झाल्याच नव्हत्या. त्यांना कोणतेही रिकव्हरी सॉफ्टवेअर परत आणणार नाही, कारण परत यायला आधी यावे लागते.

अन्योन्याभाव म्हणजे घट हा पट नाही एवढेच. बाहेरच्या डिस्कचे अक्षर काल ‘ई’ होते, आज दुसरे काही लावल्यामुळे ‘एफ’ झाले, आणि माणूस ‘ई’मध्ये शोधून रडकुंडीला आला. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

अत्यंताभाव अधिक करुण आहे. वायूत रूप नाही. नव्हते, नाही, असणार नाही. स्वस्तात मिळणारे काही पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डे आपली क्षमता खोटी सांगतात. आत आठ जीबीची चिप, पण संगणकाला ते एकशे अठ्ठावीस जीबी असल्याचे कळवतात. खरी जागा भरल्यावर पुढचे लिखाण एक तर जुन्यावर पडते किंवा कुठेच पडत नाही. फायलींची नावे मात्र यादीत ओळीने दिसतात. अशा ड्राइव्हवर मुलीच्या लग्नाचे चित्रीकरण ठेवणाऱ्या बापाला सांगावे लागते की ही फाइल इथे कधीच नव्हती, कारण तिला बसायला जागाच नव्हती. ड्राइव्ह विकत घेतल्या दिवशीच तो काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहिला असता तर हे कळले असते. ती तपासणी करणारी साधने फुकट मिळतात.

राहिला प्रध्वंसाभाव : घट फुटल्यानंतरचा अभाव. त्याला आरंभ आहे, शेवट नाही. एकदा फुटलेला तो घट पुन्हा कधीही होत नाही. दुसरा होईल, तो नाही. हार्ड डिस्कच्या बाबतीत लोक जवळजवळ प्रत्येक नसण्याला प्रध्वंस समजतात, आणि हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो.

फाइल ‘डिलीट’ केली की काय होते? जुन्या फॅट पद्धतीत त्या फाइलच्या नोंदीतले नावाचे पहिले अक्षर एका ठरावीक खुणेने बदलले जाते आणि ती जागा मोकळी असल्याचे नोंदवले जाते. एनटीएफएसमध्ये तिच्या नोंदीवर ‘वापरात नाही’ अशी खूण होते. फाइल जिथल्या तिथे असते. ग्रंथालयातले सूचिपत्र फाडले, पुस्तक फडताळावरच आहे, असा हा प्रकार. ‘क्विक फॉरमॅट’सुद्धा प्रामुख्याने सूचीच नवी करते. म्हणजे डिलीटनंतर लगेच जो अभाव असतो, तो फाइलच्या पत्त्याचा प्रध्वंस, फाइलचा नव्हे. खरा प्रध्वंस त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले की होतो. म्हणून जाणकार सांगतात : काही गेले असे वाटल्याबरोबर त्या डिस्कवर काहीही लिहू नका, रिकव्हरीचे सॉफ्टवेअरही त्याच डिस्कवर टाकू नका. एसएसडीची गोष्ट निराळी. तिथे संगणक डिलीटची वर्दी ‘ट्रिम’ नावाच्या आज्ञेने ड्राइव्हलाच देतो आणि ड्राइव्ह त्या जागा सवडीने आपणहून पुसून टाकते. तिथे डिलीट आणि ध्वंस यांत अंतर फार थोडे उरते.

इथे एक जुना वाद उभा राहतो, आणि तो केवळ पांडित्याचा नाही. सांख्य म्हणतात, सत् असते ते नाहीसे होतच नाही. घट फुटला म्हणजे मातीत लय पावला; नाश म्हणजे अव्यक्त होणे. नैयायिक याला ठाम नकार देतात. त्यांच्या मते घट खरोखर नवा निर्माण होतो आणि खरोखर नष्ट होतो. गेलेल्या बापाचा आवाज असलेली फाइल शोधत आलेला माणूस मनाने सांख्य असतो. ‘कुठेतरी असेलच की,’ असे तो म्हणतो. त्याच्या बाजूने बोलणारा एक लेखही पुष्कळ काळ फिरत राहिला. पीटर गुटमान यांनी १९९६ साली असे मांडले की एकदा पुसून लिहिलेल्या डिस्कवर आधीच्या चुंबकत्वाचा माग राहू शकतो; त्यावरून पस्तीस वेळा पुसण्याची रूढी पडली. ते विवेचन त्या काळच्या विविध एन्कोडिंग पद्धतींना धरून होते. आजच्या दाट डिस्कवर एकदा नीट नवे लिहिले की जुने वाचता येत नाही, हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे.

तेव्हा हार्ड डिस्कपुरता तरी नैयायिकांचा पक्ष खरा मानला पाहिजे. हे कठोर वाटेल, पण यात माणसाचा मान आहे. एखादी गोष्ट खरोखर होती असे म्हणायचे, तर ती खरोखर जाऊ शकते हेही पत्करावे लागते. ‘काहीच कधी जात नाही’ या दिलाशावर मग भुरटे धंदे पोसले जातात. पुसून लिहिलेली फाइल परत आणून देतो म्हणून आगाऊ पैसे घेणारा आणि वर्षश्राद्धाच्या आत मेलेल्याशी बोलवून देतो म्हणणारा, दोघेही एकाच दुबळ्या जागी बोट ठेवतात.

आणि उलट टोकही तितकेच वाईट. घट फुटलेला नसताना फुटला म्हणून सांगणे. लपलेल्या फोल्डरवर फॉरमॅट चालवणारा, टकटक आवाज करणारी डिस्क वीस वेळा चालू-बंद करून पाहणारा, कुणीतरी सांगितले म्हणून ती फ्रीजरमध्ये ठेवणारा. चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिच्यावरून वाचणारे हेड अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जाते. धुराचा कण त्याहून कितीतरी मोठा. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर दव धरते आणि मग जे वाचण्याजोगे होते तेही जाते. टकटक ऐकू आली की वीज तोडायची, एवढे एकच घरी करण्यासारखे आहे.

या दोन टोकांमध्ये डिस्कची स्वतःची वागणूक पाहण्यासारखी असते. एखादा सेक्टर, म्हणजे साठवणीचा छोटा कप्पा, वाचता आला नाही तर ती त्याला लगेच मृत घोषित करत नाही. ‘स्मार्ट’च्या १९७ क्रमांकाच्या रकान्यात त्याची ‘पेंडिंग’ म्हणून नोंद होते. पुढे त्या जागी लिहिण्याची वेळ आली की डिस्क लिहून पाहते. नीट लिहिले गेले तर संशय फिटतो आणि नोंद काढली जाते. नाही जमले तर तो सेक्टर बाद करून राखीव जागेतला दुसरा त्याच्या नावाने लावला जातो आणि पाचव्या क्रमांकाच्या रकान्यात एकाची भर पडते. न्यायसूत्रांनी आपल्या वेगळ्या गणतीत ज्या सोळा पदार्थांच्या ज्ञानाने निःश्रेयस मिळते म्हटले, त्यांत संशय तिसरा आहे. मोक्षाच्या वाटेवर संशयाला मानाचे पान देणारे हे दर्शन. निर्णय लागेपर्यंत संशय संशय म्हणूनच ठेवायचा, ही शिस्त धातूच्या एका पेटीत बसवलेली पाहून आनंद होतो. त्या आकड्यांवर सर्वस्वी विसंबून राहणेही बरे नाही. गुगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी, तापमान सोडता, कोणतीच पूर्वसूचना दिलेली नव्हती.

दोषी डिस्कवरून डेटा वाचवायचा तर दुरुस्ती तिच्यावर करायचीच नाही, आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, हा या कामातला पहिला नियम. ‘चेकडिस्क’सारखी साधने मोडकी रचना सुसंगत करण्यासाठी काही तुकडे कापतात, काही ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात बेनाव टाकून देतात. मरू घातलेल्या डिस्कवर हा उपचार जिवावर बेततो. ‘डीडीरेस्क्यू’ हे मुक्त साधन आधी सहज वाचता येणारे सगळे उचलते, अडलेल्या जागा नकाशात नोंदवून पुढे जाते, आणि मग त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळते. प्रत झाली की नव्या डिस्कवर सारे दिसू लागते. मालक म्हणतो, ‘माझी डिस्क परत मिळाली.’

मिळाली का? नवी डिस्क त्या फोटोंच्या वेळी कारखान्यातही तयार झाली नव्हती. आत्मा आहे हे सिद्ध करताना नैयायिकांनी जे प्रमुख प्रमाण पुढे केले ते हेच : एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही. काल पाहणारा आणि आज आठवणारा एकच असला पाहिजे. तो एक म्हणजे आत्मा. बौद्ध तार्किक यावर हसत. ते म्हणत, टिकून राहणारा कुणी नको, प्रवाह पुरे. एक क्षण आपला संस्कार पुढच्या क्षणाला देतो आणि विझतो. कापसाच्या बीला लाखेचा रंग दिला तर बोंडात तांबूसपणा उतरतो, मध्ये कुणी तो रंग हातात धरून बसलेला नसतो. दहाव्या शतकाच्या अखेरीस उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ लिहिला तो याच मताच्या खंडनासाठी. डिस्कची प्रत पाहिली की पहिल्यांदा बौद्धांचीच बाजू जिंकल्यासारखी वाटते. दोन्ही डिस्कांचा चेकसम जुळतो, एका बिटाचाही फरक नाही, आणि जुनी भंगारात गेली तरी काही अडत नाही.

पण ‘तर्कसंग्रहा’त संस्कार या शब्दाखाली तीन गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत, आणि त्यांकडे पाहिले की हा निकाल थांबतो. वेग, भावना आणि स्थितिस्थापक. फेकलेल्या दगडाला पुढे नेतो तो वेग. वाकवलेली फांदी मूळ जागी येते तो स्थितिस्थापक. आणि अनुभवातून उपजून स्मृतीला जन्म देते ती भावना. वेग आणि स्थितिस्थापक जड वस्तूंत राहतात. भावना फक्त आत्म्यात राहते. फिरणारी चकती आणि माणसाचे मन यांतल्या दोन अगदी भिन्न गोष्टींना एकच नाव देऊन पुन्हा त्यांच्यात इतकी स्पष्ट रेघ ओढणारे हे वर्गीकरण डोळ्यांत भरते. हार्ड डिस्कमध्ये वेग भरपूर आहे. चुंबकाच्या खुणा आहेत. भावना तिच्यात नाही. तिला ‘मेमरी’ म्हणणे ही बोलण्याची सोय आहे. डिस्क आठवत नाही. ती आठवण करून देते. न्यायात याला नाव आहे उद्बोधक. झोपलेल्या संस्काराला जागे करणारे. वास, गाणे, सारख्या चेहऱ्याचा माणूस, आणि आता फोटो.

एवढे मान्य केले की ‘प्रत तीच का’ या प्रश्नाचा काटा निघतो. उद्बोधक दुसरा चालतो. पिक्सारच्या ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली १९९८ साली एका चुकीच्या आज्ञेने पडद्यावरून एकेक करून नाहीशा झाल्या. बॅकअप होता, पण तो काही काळापासून नीट चालत नव्हता आणि हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. तान्ह्या बाळासाठी घरून काम करणाऱ्या गेलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत निघाली. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून मोटारीने आणला गेला. प्रत थोडी जुनी होती. पुढे हजारो फायली माणसांनी डोळ्यांनी तपासल्या. कोणती ओळ, कोणती हालचाल ताजी हे ठरवणारी भावना त्या माणसांत होती, म्हणूनच जुन्या प्रतीचा उपयोग झाला.

मराठीचा पहिला मोठा गद्यग्रंथ असाच एकदा हरवला होता. चक्रधरस्वामी गेल्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी ज्या-ज्या माणसांजवळ होत्या, त्यांच्याकडून त्या गोळा केल्या. नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. ते ‘लीळाचरित्र’. महानुभाव परंपरा सांगते की खल्जींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग ज्यांना ती पाठ होती, त्यांच्याकडून ती पुन्हा उतरवून घेतली. हिराइसेचा पाठ त्यांतला एक. सगळ्यांचे सगळे जुळले नाही. तेव्हा त्या लोकांनी जे केले ते आजच्या कुठल्याही रिकव्हरी करणाऱ्याने शिकावे असे आहे : न जुळणाऱ्या जागा त्यांनी घासून गुळगुळीत केल्या नाहीत. अमक्याच्या पाठात असे, तमक्याच्या पाठात तसे, ही नोंद पोथीतच राहू दिली.

‘डीडीरेस्क्यू’लाही असेच सांगता येते. जे सेक्टर काही केल्या वाचता आले नाहीत, तिथे प्रतीत एखादी ओळखीची खूण भरता येते, म्हणजे नंतर कोणत्या फायलींना भोक पडले आहे ते शोधता येते. फोटोंच्या जेपीईजी फायलींत ते भोक नुसत्या डोळ्यांनीही दिसते. चित्र वरून खाली उलगडते. मध्येच बिघडलेला भाग आला की तिथून खाली नुसता करडा पट्टा उरतो. टेबलावर असे अर्धे फोटो नेहमी येतात. मांडवातली माणसे, डोक्यावरच्या अक्षता, कुणाचा तरी फेटा, आणि गळ्याखाली सगळे करडे. कारागीर विचारतो, ठेवू की काढू? घरातली सर्वांत म्हातारी बाई पडद्याजवळ चष्मा नेते आणि त्या करड्या भागावर बोट ठेवून सांगू लागते, की इथे नवरीच्या हातात तिच्या आजीच्या पाटल्या होत्या, आणि ही जी मागे उभी दिसते तिच्या कडेवर हा आपला दिनूच होता, तेव्हा वर्षाचाही नव्हता.